घोटा बांधणाऱ्या बाई

आम्ही सातारच्या कॉलेजच्या सात मुली सांगलीला बास्केटबॉलचा अंतिम सामना खेळायला गेलो होतो. एकीचं बोट आधीच मोडलं होतं. आदल्या दिवशी कॅप्टनचा घोटा मुरगळून टम्म सुजला. ती नाही उतरली तर उरलेली मीच होते आणि मी एकही सामना खेळले नव्हते.

सकाळी आमच्या कोच मॅडम आम्हा दोघींना एका तालमीमागच्या गल्लीत हाड बसवणाऱ्या बाईंकडे घेऊन गेल्या. साठीच्या बाई, हातांना तेलाचा वास. त्यांनी घोटा मांडीवर घेतला, पण बघत राहिल्या कॅप्टनच्या तोंडाकडे.

"दुखतंय?"

"अजिबात नाही."

"न्हाई म्हनणाऱ्या पोरींचंच लय दुखतं. आज खेळलीस तर जलमभर लंगडशील."

पट्टी बांधून त्या माझ्याकडे वळल्या. "आन् ही का कापतीया?"

"तिच्याऐवजी मला खेळावं लागणार आहे," मी म्हणाले.

त्यांनी माझेही घोटे दाबून पाहिले. "पाय धड हायती. भ्याव घिऊनच पळ."

तशीच पळाले. चार गुणांनी हरलो.

बाई पुन्हा दिसल्या नाहीत. पुढच्या वर्षी कॅप्टन खेळू लागली. ती उडी मारून खाली यायची, तेव्हा सगळे चेंडूकडे बघायचे आणि मी तिच्या पायाकडे.