विजूच्या लाउंजमधला देश

विजू गेल्याचं मला तिच्या मुलाच्याही आधी एका देशाच्या परराष्ट्रमंत्र्यांनी कळवलं. इंग्लंडमध्ये, लेस्टरच्या बेलग्रेव्ह रोडवर मी वांगी निवडत होते, तेवढ्यात फोन वाजला. "मॅडम, आमच्या कॉन्सुल डॉक्टर विजया आज सकाळी गेल्या. आता कामाचं तुम्हीच बघायचं," ते म्हणाले. मी भर दुकानात रडले आणि तिच्यावर चिडलेही. कारण दोन वर्षांपूर्वी तिने मला न विचारता सांगून टाकलं होतं, "अगं, फॉर्मवर तुझं नाव टाकलंय, डेप्युटी म्हणून. डोन्ट वरी, काम काही नसतं!"

तरुणपणी नागपूरहून निघालेली ही डॉक्टर नॉटिंगहॅमला येण्याआधी दोन वर्षं एका चिमुकल्या बेटावर होती. नकाशात शोधायला चष्मा लागेल एवढा तो देश. इथे वकिलात उघडणं त्यांना परवडणारं नव्हतं, म्हणून ती निवृत्त झाल्यावर त्यांनी तिलाच मानद कॉन्सुल केलं. पोस्टाने शिक्का आला, झेंडा आला आणि तिच्या लाउंजमध्ये दूतावास थाटला गेला. सोफ्यावर खलाशी आणि विद्यार्थी, समोर पोहे. पोहे संपवल्याशिवाय कुणाचाही कागद पुढे सरकत नसे.

मग इथल्या एका हॉस्पिटलने त्या बेटावरच्या नर्सेस भराभर घ्यायला सुरुवात केली. तिथल्या एकुलत्या एक इस्पितळात बाळंतपणाला हात कमी पडू लागले. मंत्र्यांनी निषेध नोंदवायला सांगितलं आणि विजूने तो अगदी दणक्यात नोंदवला. आमच्या नर्सेस घेणं ताबडतोब थांबवा, असं खरमरीत पत्र. हॉस्पिटलने मुकाट्याने ऐकलं. विजू खुशीत होती... चार दिवसांनी ग्रेस आली. इथे आलेल्या पहिल्या नर्सेसपैकी ती एक, विजूकडेच काही महिने राहिलेली. तिच्या धाकट्या बहिणीची नोकरी त्या पत्रामुळे रद्द झाली होती. मी तिथेच बसले होते. ग्रेसने आवाज चढवला नाही. फक्त विचारलं, "डॉक्टर, तुम्ही निघालात तेव्हा तुमच्या देशाने असं पत्र लिहिलं होतं का?"

मी विजूला चाळीस वर्षं ओळखत होते, पण तिला चूक कबूल करताना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. "चुकलंच माझं," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी मंत्र्यांना न विचारता तिने पत्र मागे घेतलं. ते खवळले. "मग काढा मला," ही म्हणाली. काढतात कशाला, बिनपगारी दुसरं कोण मिळणार होतं! मग ती हॉस्पिटलच्या मागेच लागली. दर नर्समागे तुमची एक शिक्षिका वर्षभर बेटावर पाठवा, तिथे नव्या मुली तयार करा. तिने वर्षभर त्यांना सुखाने बसू दिलं नाही. शेवटी करारावर सह्या तिच्या जेवणाच्या टेबलावर झाल्या. ग्रेसची बहीण आली. तिच्या जागी बेटावर आज दोघीजणी काम करतात. मला विजूचा विलक्षण अभिमान वाटतो.

त्यानंतर विजूने स्वतःला एक शिस्त लावून घेतली. पत्र ज्यांच्याबद्दल आहे, त्यांना वाचून दाखवल्याशिवाय ते पाठवायचं नाही. आता दर गुरुवारी सकाळी मी त्याच लाउंजमध्ये बसते. मुलाने खोली तशीच ठेवली आहे. गेल्या आठवड्यात मी माझं पहिलं सरकारी पत्र लिहिलं, विद्यार्थ्यांच्या व्हिसासाठी. ग्रेसची मुलगी त्यांच्यातलीच, म्हणून ग्रेसला वाचून दाखवलं. सुरुवात मला फार छान जमली होती, 'आमच्या लहानशा, गरीब देशाच्या वतीने...' ग्रेसने मला थांबवलं, हातातलं पेन घेतलं आणि दोन शब्द खोडले.

"नुसतं देश लिहा," ती म्हणाली. "डॉक्टर तेवढंच लिहायच्या."