माझं ब्रेकडाउन रजिस्टर

मी तापट आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाला नवल वाटायला नको. सातपूरच्या एका कारखान्यात मी बावीस वर्षं इन्स्पेक्शनला काढली. लेथवरून उतरलेला माल माझ्या टेबलावर यायचा, मी माप तपासायचं गेज लावायची, आणि बसला नाही की सरळ परत पाठवायची. मिशीवाले ऑपरेटर मला घाबरायचे असं मी म्हणणार नाही, पण "बाईंनी बघितलं का?" असं विचारल्याशिवाय एकही पेटी गेटबाहेर जात नव्हती. आणि तरीही त्या वर्षी, सत्तेचाळीस पूर्ण झालेली मी एका डॉक्टरसमोर मुकी बसले होते आणि माझ्या पोटात काय चाललंय ते माझ्या सासूबाई सांगत होत्या.

दोन हजार साल उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील. वर्षभर माझं अंग माझं राहिलं नव्हतं. नाशिकची थंडी काय असते ते नाशिककरांनाच ठाऊक, त्या थंडीत मी स्वेटर काढून पंख्याखाली उभी राहायची. छातीतून वाफ निघायची, मानेवर, कानांवर चढायची आणि ब्लाउज पाठीला चिकटायचा. झोप नाही. डोकं असं भडकायचं की एकदा कोथिंबीर निवडता निवडता मी अख्खी जुडी भिंतीवर भिरकावली. का, ते आजही सांगता येणार नाही. हेही एक वेळ सोसलं असतं, पण पाळीचा ताळतंत्रच सुटला. दोन-दोन महिने पत्ता नाही, आणि आली की आठ दिवस असं जायचं की कामावर जादा साडी घेऊन जावं लागायचं.

नवरात्र उरकलं आणि चार दिवसांनी मी मोरीत चक्कर येऊन बसले. तेव्हा सासूबाई मला दवाखान्यात घेऊन गेल्या. त्यांना मी आत्या म्हणायची. आत्या मळ्यातल्या, उभा जन्म झेंडू-शेवंती तोडण्यात गेलेला. बायकांचं दुखणं कुजबुजून सांगायचं आणि तेही घरातल्या मोठ्या बाईनं सांगायचं, हा त्यांचा कायदा. त्यामुळे बोलल्या त्याच. "हिच्या अंगावरून लय जातंय, डॉक्टर. वरीस झालं." डॉक्टरांनी विचारलं, काही गोळ्या चालू आहेत का. आत्या म्हणाल्या, "नाय, गोळीला शिवत बी नाय ती." मीही मान हलवली. आपण खोटं बोलतोय असं दोघींच्या मनातही आलं नाही.

सोनोग्राफी झाली. पिशवी जरा मोठी दिसतेय, आतलं अस्तर जाड आहे, मुलं मोठी झाली, आता ठेवून करायचं काय, काढून टाकू. पाच मिनिटांत निकाल. दिवाळीनंतरची तारीखही मिळाली. आमचे हे ओझरच्या कारखान्यात होते, त्यांनी दुसऱ्याच दिवशी रजेचा अर्ज दिला. ह्यांचा स्वभाव असा की डॉक्टर म्हणाला उपास करा, तर हे पाणीही सोडतील.

मला काढायची नव्हती. आमच्या घरांच्या ओळीत दोघींची काढलेली होती. एकीला खरीच गरज होती, ती बरी होऊन टुणटुणीत फिरत होती. दुसरी दोन वर्षं कंबर धरून चालत होती आणि तिची का काढली हे तिला स्वतःलाच माहीत नव्हतं. मला त्या दुसरीची भीती वाटत होती. काढायचीच असेल तर काढा बाबांनो, पण का ते मला कळू द्या. एवढं म्हणायलाही माझं तोंड उघडलं नव्हतं, आणि ह्याचा मला स्वतःचा इतका राग येत होता की विचारू नका.

त्याच आठवड्यात एक जुना ऑपरेटर माझ्या टेबलाशी आला. तीन दिवस त्याचा माल मापात बसत नव्हता. म्हणाला, "बाई, मशीन गेलंय. स्पिंडलच बदलायला सांगा." मी उसळलेच. "तीन दिवसांत मशीन गेलं? रजिस्टर आण. कुठल्या पाळीत बिघडलं, किती नग गेले, आणि बिघडायच्या आधी तू काय बदललं होतंस? शेवटचा रकाना कोरा का?" आमच्याकडे ब्रेकडाउन रजिस्टर असायचं आणि त्यात शेवटचा रकाना हाच होता, 'बिघाडाआधी केलेला बदल'. तो सगळे कोरा सोडायचे आणि मी सगळ्यांशी त्यावरून भांडायची. तो बिचारा डोकं खाजवत म्हणाला, "नवीन बॅचचं मटेरियल लावलंय, एवढंच." एवढंच, म्हणे.

तो गेला आणि माझा हात गेजवर तसाच राहिला. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. लोखंडाचा एक भाग काढायचा तर मी तीन दिवसांचा हिशोब मागते, आणि माझ्या अंगातला भाग पाच मिनिटांत काढायला मी मान डोलावून आले होते. मला त्या टेबलावर रडू आलं आणि लगेच स्फुरणही चढलं. जेवणाच्या सुट्टीत मी स्टोअरमधून रजिस्टरचा कोरा कागद मागून घेतला.

घरी स्वयंपाकघरातलं कॅलेंडर खिळ्यावरून काढलं. पाळी आली की त्या तारखेवर पेनानं बारीक टिंब द्यायची सवय मला लग्नाआधीपासूनची. वर्षभराची टिंबं मी कागदावर उतरवली. किती दिवस, किती कपडे, गाठी पडल्या का, चक्कर आली का. वाफा कधी येतात, चहानंतर की भट्टीजवळून गेल्यावर. झोप किती. मग शेवटचा रकाना आला. बिघाडाआधी केलेला बदल. मी लिहिणार होते, 'काही नाही'. पण कॅलेंडर समोर होतं आणि आपल्या कॅलेंडरात तारखेखाली सण छापलेले असतात. अंगावरून जबर गेलेल्या प्रत्येक टिंबाच्या तीन-चार दिवस आधी काहीतरी होतंच. चैत्रातली देवी. श्रावणातला सत्यनारायण. गौरी. नवरात्र.

आणि मग मी कपाळावर हात मारून घेतला. काखेत कळसा आणि गावाला वळसा. सणवार आला की पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या! आमच्या घरात त्या औषधात धरल्याच जात नव्हत्या. कापूर, उदबत्ती, नारळ, गोळ्या, अशा त्या पूजेच्या सामानात यायच्या. आत्या आठवण करायच्या, मेडिकलवाला न विचारता कागदात गुंडाळून द्यायचा. पूर्वी तीन-चार दिवस घेतल्या की भागायचं. पण वर्षभरात पाळीचा भरवसाच राहिला नव्हता, म्हणून मी दहा-दहा, बारा-बारा दिवस आधीपासून चालू करायची. नवरात्रासाठी तर वीस दिवस घेतल्या होत्या. आणि डॉक्टरनं विचारलं तेव्हा दोघी म्हणालो, गोळीला शिवत नाही. त्या डॉक्टरला तरी किती दोष देणार? निम्मा दोष आमचाच होता.

शेवटचा रकाना भरला. आता राहिलं बोलणं. नाशकातल्याच द्वारका चौकाजवळ एक डॉक्टरीणबाई होत्या, ऐकून घेतात अशी त्यांची ख्याती. पण ऐकून घ्यायला सांगावं लागतं ना! कागदावर मी असेही शब्द लिहिले होते जे माझ्या तोंडून जन्मात निघाले नव्हते. योनीमार्ग. कोरडेपणा. संबंधाच्या वेळी दुखतं. मग मी गच्चीवर कपडे वाळत घालताना तालीम केली. पहिल्या दिवशी 'यो' म्हणून खोकले. दुसऱ्या दिवशी पूर्ण वाक्य म्हटलं आणि शेजारच्या गच्चीवरची बाई पापड उलटायचे सोडून बघत राहिली. बघू दे. चौथ्या दिवशी मी ते सगळं एका दमात, मालाचे आकडे सांगावेत तसं खणखणीत म्हणून दाखवलं आणि मला स्वतःचाच फार अभिमान वाटला.

द्वारकेला मी एकटी गेले. डॉक्टरीणबाईंनी "काय होतंय?" विचारलं तशी मी कागद टेबलावर पसरला आणि बोलायला लागले. आवाज जरा चढाच लागला असेल, कारण नर्सनं दार लोटून घेतलं. बाईंनी मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटच्या रकान्यावर त्यांनी बोट ठेवलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "हे तुम्हाला कुणी शोधून दिलं?"

"कुणी नाही. आमचं कामच आहे ते," मी म्हटलं.

त्यांनी उगाच धीर दिला नाही, हे मला आवडलं. म्हणाल्या, वाफा, घाम, झोप, चिडचिड, हा पाळी जायच्या काळाचा भाग आहे आणि त्यावर उपाय आहेत, सोसत बसायचं कारण नाही. रक्तस्रावाचं मात्र आत्ता सांगता येणार नाही. अस्तराचा तुकडा तपासायला पाठवू, आणि तीन महिने एकही गोळी पोटात जाता कामा नये. मग ठरवू. ऑपरेशन तोवर थांबवा.

तुकड्याचा रिपोर्ट चांगला आला. तीन महिन्यांत मात्र दिवाळी होती. आणि पाळीनंही बरोबर लक्ष्मीपूजनाचाच मुहूर्त साधला. आत्या पाटाला रांगोळी काढत होत्या. मी दारातूनच सांगितलं, "आत्या, मला पाळी आलीये. पूजा तुम्ही करा, नैवेद्य हे करतील."

"अगं, हळू बोल. गोळ्या नाय घेतल्या?"

"नाही घेतल्या. आणि यापुढे घेणार नाही. देवीला चालत नसेल तर तिनं मला सांगावं, मी तिच्याशी बोलेन."

आत्या चार दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. ह्यांनी केलेला शिरा खाली लागला होता, तोही सगळ्यांनी निमूट खाल्ला. मी सोफ्यावर पाय पसरून बसले होते आणि खरं सांगते, इतकी सुखाची दिवाळी मला आधी कधी लाभली नव्हती.

संक्रांतीनंतर पुन्हा द्वारकेला गेले. तीन महिन्यांचं रजिस्टर सोबत. पाळी दोनदा आली होती, पाच-पाच दिवस, बेताची. पुन्हा सोनोग्राफी झाली आणि बाई म्हणाल्या, "काढायची काही गरज नाही." त्या दिवशी मी द्वारकेच्या त्या गर्दीत, ट्रकांच्या भोंग्यांत, रस्त्याच्या कडेला उभी राहून एकटीच हसत होते. जिंकले होते मी. घरी पेढे नेले. ह्यांनी पेढा तोंडात टाकून विचारलं, "मग ती रजा रद्द करू ना?" दिवाळीपासून त्यांनी ती पुढे ढकलत ठेवली होती.

आत्यांनी पेढा घेतला नाही, हातात धरून बसल्या. हे बाहेर गेल्यावर म्हणाल्या, "ती डॉक्टरीण म्हाताऱ्या बायांना बी बघती का?"

मी म्हटलं, "बघते की. का?"

"तुझ्या नवऱ्याच्या बाळंतपणापासून माझं अंग बाहेर येतं. फुलं तोडाया वाकलं की हातानं आत सारायचं नि पुढच्या झाडाकडं जायचं. कुनाला सांगनार? सासूला सांगितलं व्हतं, ती म्हनली, समद्यांचं येतं."

हे तेव्हा पन्नाशीला टेकले होते. म्हणजे पन्नास वर्षं त्यांची पिशवी अशी खाली उतरत होती. इतकी वर्षं ज्यांच्याशी मी भांडत आले, त्यांच्या शेजारी जाऊन बसले आणि त्यांचा हात धरला.

दोन दिवसांनी आम्ही तिघं गेलो. ती रजा ह्यांनी त्याला वापरली. हे बाहेर बाकावर बसले, आम्ही दोघी आत. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काय होतंय, आजी?" मी सवयीनं तोंड उघडलं. आत्यांनी माझ्या मांडीवर हात दाबला आणि स्वतः सांगायला सुरुवात केली. पहिल्या बाळंतपणापासून, अंग बाहेर येण्यापर्यंत, मोठ्यानं, एकही शब्द न झाकता. बाहेर ऐकू गेलंच असणार. कारण आम्ही दार उघडून आलो तेव्हा हे उठून उभे होते, आणि त्यांनी खाली वाकून आईच्या चपला तिच्या पायांसमोर नीट लावून ठेवल्या होत्या.