उनाचा तपकिरी कोट

उनाला खुब्याच्या ऑपरेशनची तारीख याआधी दोनदा मिळाली होती आणि दोन्ही वेळा तिने ती परत केली होती. दोन्ही तारखा मे महिन्यातल्या होत्या, आणि मे महिन्यात ईडर, म्हणजे उत्तरेकडच्या थंड समुद्रातली बदकं, अंडी घालायला किनाऱ्यावर येतात. त्या दिवसांत ती घर सोडून गेल्याचं गावात कुणाला आठवत नव्हतं. तिसऱ्यांदाही मेचीच तारीख आली तेव्हा ती जिना बसत बसत उतरू लागली होती. कारी, तिचा नवरा, म्हणाला, "तू जा. बदकांचं मी बघतो."

उनाने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. "तू?" ती म्हणाली. पण गेली.

तिच्या त्या "तू" मध्ये कारीचं सगळं आयुष्य येत होतं. तो सोळाव्या वर्षी मासेमारीच्या बोटीवर चढला आणि केस पांढरे होईपर्यंत इंजिनाच्या खोलीतच राहिला. तिथे ओरडल्याशिवाय कुणाला ऐकू जात नसे. घरी परतल्यावरही त्याने जेवताना मीठ मागितलं की कुत्रा टेबलाखालून पळून जाई. बदकांच्या जागेत तो कधी गेलाच नव्हता. उना तिथून रजयांत भरायची मऊ पिसांची लव पोत्यात भरून आणी, आणि कारी शेडमध्ये यंत्र फिरवून लवेतलं गवत आणि कवचांचा चुरा काढी. बदकांशी त्याचा संबंध एवढाच.

जागा उनाच्या आईची. पूर्वी कधीतरी डोंगरातून वाहत आलेला लाव्हा समुद्राला भेटला आणि तिथेच थिजला. त्या काळ्या दगडांच्या खळग्यांत शेवाळ वाढलं, आणि जवळजवळ प्रत्येक खळग्यात एक घरटं. मादी स्वतःच्या छातीची लव उपटून अंड्यांखाली घालते. उना सकाळी तिथून फिरे, प्रत्येकीशी बोले, पोटाखाली हात घालून थोडी लव काढून घेई आणि तिच्या जागी सुकं गवत ठेवी. एकही मादी उठत नसे. माणूस आसपास असलं म्हणजे अंडी पळवणारे कुरव आणि डोमकावळे लांब राहतात, हे त्या पिढ्यान् पिढ्या शिकलेल्या. पण माणूस ओळखीचं लागतं.

पहिल्या सकाळी कारी बोटीवरचा नारिंगी रेनकोट घालून बांध ओलांडून आत गेला. एक मादी उठली, मग दहा, मग सगळा किनाराच उठला. घाबरलेली मादी उडताना अंड्यांवरच शिटते, म्हणजे लवही वाया. तेवढ्यात कुरव खाली उतरले. त्यांना हाकलायला कारी आपल्या नेहमीच्या आवाजात ओरडला, आणि राहिलेल्या होत्या त्याही माद्या उडाल्या. दुसऱ्या सकाळी तेच. शेजारचा ऑडुन मेंढ्या सोडायला आला होता. बांधावर कोपरं टेकून त्याने विचारलं, "काय रे, जाळं टाकायला निघालास की काय त्यांच्यावर?"

फोनवर उना रोज विचारी. कारी म्हणे, सगळं ठीक. निळ्या दगडाखालची आली का? आली. निळा दगड कुठला हेही त्याला ठाऊक नव्हतं. त्याला एवढंच ठाऊक होतं की असेच आणखी काही दिवस गेले, तर माद्या दुसरा किनारा धरतील, आणि या वयात उनाला त्या परत जमवता येणार नाहीत.

त्याच आठवड्यात वरच्या खोलीत जर्मनीहून उर्सुला नावाच्या पाहुण्या उतरल्या. उन्हाळ्यात एक खोली ते पाहुण्यांना देत. उर्सुलांनी वाफाळणारे डोंगर पाहिले होते, काळी वाळू पाहिली होती, एका दिवसात ऊन, गारा आणि धुकं अंगावर घेतलं होतं, आणि आता त्यांना पक्षी पाहायचे होते. कारीने त्यांना बांधाच्या बाहेरच थांबायला सांगितलं. त्या थांबल्याही.

सहाव्या सकाळी कारी आत गेलेला असताना स्वयंपाकघरात फोन वाजला आणि उर्सुलांनी तो घेतला. पलीकडे उना होती. उर्सुलांनी तिला इंग्रजीत मनापासून सांगितलं, की इतकं सुंदर दृश्य आपण आयुष्यात पाहिलेलं नाही. शेकडो पक्षी एकदम वर उठतात, धुराच्या लोटासारखे. रोज. त्या तर आता खिडकीत कॅमेरा लावूनच बसतात.

उनाने सगळं ऐकून घेतलं. मग तिने कारीला बोलावून आणायला सांगितलं.

कारीने बूट न काढताच फोन घेतला.

"अंगावर काय आहे तुझ्या?" उनाने विचारलं.

"रेनकोट."

"नारिंगी?"

"तोच एक आहे माझ्याकडे."

"कारी, त्यांना वाटत असेल घराला आग लागली आणि ती चालत आली." ती हसली नाही. "खोटं का बोललास?"

"तू उठून आली असतीस."

"आलेच असते." ती म्हणाली. "आता नीट ऐक. दाराशी खुंटीवर माझा तपकिरी कोट आहे, आईचा. तो घाल. डोक्याला माझा रुमाल बांध. पाय टाकायच्या आधी बोल, म्हणजे त्यांना कळेल तू कुठे आहेस. पण हळू."

"काय बोलू?"

"मला काय माहीत? माझ्याशी बोलतोस ते नको, ते फारच थोडं असतं."

कोटाच्या बाह्या कारीच्या कोपरांपर्यंतच पोचल्या. रुमाल त्याने हनुवटीखाली बोटीवरच्या सवयीने बांधला, आणि ती गाठ संध्याकाळी कात्रीनेच सुटली. उर्सुलांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं, पण त्यांचे खांदे हलत होते. ज्याचं त्या कौतुक करत होत्या ते पक्षी घाबरून घरटी सोडत होते, हे कारीने त्यांना तुटक्या इंग्रजीत सांगितलं, तेव्हा मात्र त्या लाल झाल्या. त्यांनी कॅमेरा पिशवीत टाकला आणि आपल्या चकचकीत जाकिटाऐवजी कारीचा जुना करडा स्वेटर मागून घेतला.

नेमका तेव्हाच ऑडुन कुंपणापाशी आला. "उना, फारच लवकर घरी आलीस की," तो म्हणाला, "आणि दाढी कशी गं वाढली?"

कारीला उत्तर द्यायचं होतं, पण त्यासाठी ओरडावं लागलं असतं. तो तसाच पुढे गेला.

बांधाशी उभं राहून तो बोलण्यासारखं काही शोधू लागला. प्रार्थना त्याला येत नव्हत्या, गाणी येत होती ती बदकांपुढे म्हणण्यासारखी नव्हती. मग त्याच्या तोंडून आपोआप समुद्राचा हवामान अंदाज बाहेर पडला, बोटीवर रोज ऐकून पाठ झालेला. उत्तरेचा किनारा, वारा ईशान्येकडून, मध्यम, दुपारनंतर धुकं. पश्चिमेच्या खाड्या, वारा कमी, पाऊस तुरळक. रेडिओवरच्या बाईंच्या त्या सपाट, कंटाळलेल्या सुरातच. त्या सुरात ओरडता येत नाही, हे त्याला पहिल्यांदाच कळलं.

पुढच्या दोन-तीन माद्यांनी माना वर केल्या. उडाल्या नाहीत. तो त्या दिवशी तिथेच थांबला. दुसऱ्या दिवशी चार पावलं आत गेला, नंतर आणखी थोडा. पूर्वेचा किनारा झाला की दक्षिणेचा, तो झाला की पुन्हा उत्तरेचा. उर्सुला बांधाआड सुका मासा लोण्याबरोबर खात बसून राहत. धबधबे पाहण्यासाठी ठेवलेले दोन दिवसही त्यांनी इथेच घालवले. सोडून गेलेल्या घरट्यांपैकी बरीच पुन्हा भरली. सगळी नाही. काही खळग्यांत फुटकी कवचंच राहिली, आणि तेही कारीने उनाला आपणहून सांगितलं.

एका धुक्याच्या सकाळी तो एका मादीजवळ गुडघ्यावर बसला. हात अंड्यांपर्यंत न्यायला त्याला फार वेळ लागला. त्या हाताने त्याने तापलेली इंजिनं उघडली होती. मादीने चोच मनगटावर टेकवली, टोचली नाही. पोटाखालची ऊब त्याच्या बोटांना लागली. चिमूटभर लव घेऊन त्याने गवत ठेवलं आणि वारा दक्षिणेकडे वळल्याचं तिला सांगितलं.

जूनमध्ये उना कुबड्या घेऊन घरी आली. कॉफी न पिताच बांधाकडे निघाली. दगडांवर कुबड्यांची टकटक झाली तशा जवळच्या माद्यांच्या माना ताठ झाल्या. उना जागच्या जागी थांबली.

"तूच जा," ती म्हणाली.

"तुझ्या बदकांना तू नको?"

"मला ही टकटक आहे. जा."

ती बांधाला टेकून उभी राहिली. तो कोट घालून आत गेला, एका खळग्याशी वाकला, मग दुसऱ्या. एकही पंख उघडला नाही. समुद्राकडून नर बदकांची हळू, आश्चर्य केल्यासारखी कूऊ-कूऊ येत राहिली. उनाने त्याला हवामान सांगताना ऐकलं आणि हसू दाबायला मान दुसरीकडे वळवली. तो परत आला तेव्हा तिचे डोळे ओले होते, पण आवाज व्यवहारी होता.

"डॉक्टर म्हणाले, दुसरा खुबाही गेलाय."

कारीने लवेचं पोतं दुसऱ्या हातात घेतलं.

"पुढच्या वर्षीची तारीख द्यायला तयार आहेत. मी म्हटलं, नवऱ्याला विचारून सांगते."

"कधीची?"

"मे," उना म्हणाली, आणि त्याच्या हातातलं लवेचं पोतं काखेत घेता येतं का ते पाहू लागली.