झुंबरबाईंच्या चाळीस ताटल्या

"उतरा, उतरा! समदे खाली उतरा! आजी, तुमी बी. हात धरू का?"

पांढऱ्याशुभ्र इलेक्ट्रिक गाडीतून पुण्याचं एक कुटुंब निमूट खाली उतरलं. साहेब, बाईसाहेब, दोन मुली आणि गुडघा धरत धरत आजी. गाडीला चार्जिंगची केबल लागलेली. डिसेंबर असला तरी बाराचं ऊन ते बाराचंच.

"पण उतरायचं कशासाठी?" बाईसाहेबांनी विचारलं.

"नियम हाय."

"कुणाचा?"

"सरकारचा. गॅस भरताना गाडीत बसायचं नसतं. भडका उडतो."

"पण ही गाडी गॅसची नाहीये."

झुंबरबाईंनी गाडीकडे बघितलं, केबलकडे बघितलं, पदराने कपाळ पुसलं. "करंट तर त्येच्याहून वाईट. बसा बाकड्यावर. कांदाभजी देऊ का बटाटा?"

वीस मिनिटं ते कुटुंब शहाण्यासारखं बाकड्यावर बसलं. दोन प्लेट भजी, पाच चहा. मग साहेबांचं लक्ष शेजारच्या चार्जरकडे गेलं. तिथल्या गाडीत एक गृहस्थ एसी लावून तोंड उघडं टाकून गाढ झोपला होता. त्याला ना कुणी उठवलं होतं, ना त्याचा भडका उडाला होता.

संध्याकाळपर्यंत पंपाच्या नावाखाली मोबाइलवर एक तारा आणि तक्रारीच्या चार ओळी आल्या. त्यात 'वृद्ध आईला उन्हात उभं केलं' असं होतं. उभं कुठे केलं होतं? बाकड्यावर बसवलं होतं, आल्याचा चहा दिला होता. पण ते कोण लिहिणार!

झुंबरबाई ओव्हाळ भाजे गावच्या. वय अठ्ठावन्न, उंची जेमतेम, आवाज मात्र कार्ला फाट्यावरून मळवली स्टेशनापर्यंत जाईल असा. जुन्या हायवेवरच्या या पंपाच्या फाटकाशी त्यांची निळी टपरी गेली एकोणीस वर्षं उभी आहे. पंप बांधताना त्यांचे मालक तिथे मजुरीला होते. काम संपलं तेव्हा पंपाचे जुने शेठ रखमाजीआबांनी फाटकाशेजारच्या जागेकडे बोट केलं आणि म्हणाले, "हितं बसा, चहा विका." कागद नाही, सही नाही. एक बोट, बस्स. मालक गेले, आबाही गेले. टपरी राहिली.

पेट्रोलवाल्यांनी झुंबरबाईंना कधीच काही दिलं नाही. "पेट्रोलवाला काय, तीन मिन्टात टाकी भरून पळतो. त्याला चहाचा वास घ्यायला बी वेळ न्हाई." बाईंचे दिवस आले ते गॅसमुळे. पंपावर सीएनजी सुरू झाला आणि रांग लागली. पंपावर गॅस घेऊन येणारी गाडी सकाळी एकदा, दुपारी एकदा यायची. तोवर लोणावळ्याच्या टॅक्स्या, कामशेतच्या रिक्षा, पुण्याचे पाहुणे, सगळे हायवेच्या कडेला उभे. तास, दीड तास. माझी जुनी गाडीही गॅसवरचीच, त्यामुळे अर्धं मावळ मी त्या रांगेत उभी राहून ओळखते. आणि नियम असा की गॅस भरताना लहानथोर सगळ्यांनी उतरायचं. म्हणजे गिऱ्हाईक स्वतःहून दार उघडून बाईंच्या पुढ्यात येऊन उभं राहायचं.

रांग म्हटली की घुसणं आलं. एकदा दोन ड्रायव्हर नंबरावरून इतके पेटले की एकाने दुसऱ्याला बाईंच्या गरम कढईवर ढकलायचं बाकी ठेवलं. दुसऱ्या दिवशी झुंबरबाई लोणावळ्याच्या बाजारात भांड्यांच्या दुकानात गेल्या. चाळीस स्टीलच्या ताटल्या घेतल्या. दुकानदाराने भांड्यांवर नाव घालायचं मशीन काढलं.

"नाव काय घालू?"

"नाव नगं. आकडे घाल. एक ते चाळीस."

"आहेराला आकडे?"

"तू घाल रं बाबा. तुला काय करायच्यात पंचायती?"

तेव्हापासून पंपावर ताटलीचा कायदा चालू झाला. भजी घेतली की ताटली मिळणार. ताटलीवरचा आकडा तोच तुमचा रांगेतला नंबर. पंपावरची माणसं गाडी पुढे आली की आधी म्हणायची, "ताटली दाखवा." भांडणं थांबली म्हणून तीही खूश. टॅक्सीवाले सीतारामभाऊ पहिल्या दिवशी जरा तडकले होते.

"मावशी, माझं पोट बिघडलंय. भजी नको. नुसता नंबर द्या."

"नुसता नंबर मिळत न्हाई."

"ही दादागिरी झाली."

"मग चहा घ्या. चहावर बी ताटली हाय. बशी समजा."

असा सगळा थाट. आणि मग मागच्या वर्षी जमिनीखालून गॅसची पाइपलाइन आली. प्रेशर फुल. गाडी येते, भरते, जाते. सहा मिनिटं. रांग गेली, त्याबरोबर बाकड्यावरची माणसं गेली.

"इतकी वर्सं ह्ये लोक बोंबलत हुते, प्रेशर न्हाई, प्रेशर न्हाई," झुंबरबाई झारा आपटत म्हणायच्या. "आलं एकदाचं प्रेशर! माज्या डोक्याला!"

त्यात पंपावर चार्जर बसले. रखमाजीआबांचा मुलगा आदिनाथ, आता तोच शेठ. त्याने सहज सांगितलं, "मावशी, एका गाडीला चाळीस मिनिटं लागतात." चाळीस मिनिटं! झुंबरबाईंनी त्याच दिवशी बाकड्यांना नवा रंग दिला. पण ही माणसं उतरतच नाहीत. काचा वर, एसी चालू, मांडीवर लॅपटॉप. बसल्या जागी जेवण मागवतात, आणि ते घेऊन लाल शर्टातला कुणीतरी लोणावळ्याहून बाईंच्या कढईसमोरून जातो. म्हणून त्या बुधवारी बाईंनी गॅसचा नियम करंटला लावला. लबाडी नव्हती हो ती. गॅस आल्यापासून गाडीला नळी जोडली की माणसाने उतरायचं, हेच त्यांनी पाहिलं होतं.

गुरुवारी आदिनाथशेठ टपरीवर आले.

"मावशी, असं नाही ना चालत. लोक लिहितात. कंपनी मला विचारते."

"म्हातारीला चहा फुकट दिलाय मी. त्ये लिव्हलं का?"

"ते राहू द्या. मी दुसरंच सांगायला आलोय." शेठनी मोबाइल खिशात ठेवला, परत काढला. "फाटकाजवळची जागा मला कॉफीवाल्यांना द्यायचीय. कंटेनर येतो त्यांचा. काचेचा, लाइटबिट. तुम्ही मागे सरका. हवा भरायच्या मशीनपाशी."

"म्हंजे संडासाशेजारी."

"संडासाशेजारी नाही. त्याच्या अलीकडे."

"शेट, भजी कुटं खात्यात मानसं? वास कसला येनार तितं?"

"मावशी, पेट्रोल किती दिवस चालणारे? डिझेल? पुढचा विचार करायला पाहिजे ना मला. रविवारी संध्याकाळपर्यंत सांगा. नाहीतर सोमवारी मलाच टपरी हलवावी लागेल."

"तुमच्या आबांनी दिलीया जागा."

"कागद दाखवा."

झुंबरबाई कढईकडे वळल्या. त्यांच्या हातून एक भजं जळलं. एकोणीस वर्षांत ते पहिलंच असावं.

त्या संध्याकाळी भाज्याच्या घरी सुनेच्या मोबाइलवर गौरवचा व्हिडिओ कॉल आला. गौरव झुंबरबाईंचा मुलगा, चार वर्षं आखातात एका तेल कंपनीत पाइप जोडायच्या कामावर आहे. कोमल त्याची बायको. ती सासूच्या तोंडासमोर फोन धरून उभी राहिली.

"आये, मी आता पाइपवर न्हाई. दुसरीकडं टाकलंय मला."

"काढलं का काय?"

"न्हाई गं. तेल कंपनीनंच वाळवंटात सोलरचे पत्रे बसवल्यात. मैलच्या मैल. त्येच्यावर वाळू बसती, ती पुसायची."

"तेलवाले उनाचे पत्रे लावत्यात?"

"व्हय. साहेब म्हन्तो, तेल हाय तवरच दुसरं काय ते उभं करून ठिवायचं."

"पगार?"

"थोडा कमी. पन उभ्यानं काम हाय."

झुंबरबाईंनी फोनकडे असं बघितलं, जणू शेखच समोर बसलाय. "त्यांच्याकडं पैका हाय, त्ये लावतील पत्रे. माज्याकडं काय? चाळीस ताटल्या."

"आत्या, तुम्ही मागची जागा घेऊन टाका," कोमल म्हणाली. "जागा तरी राहील."

"संडासापाशी बसून म्या कुनाचे नंबर लावू? सांग की! तुजा नवरा तिकडं वाळू पुसतोय, मी हितं काय पुसू?"

पण शनिवारी टपरीवर त्यांनी ताटल्या घासल्या, पोत्यात भरल्या आणि सुतळीने तोंड बांधलं.

रविवारी सकाळपासून हायवे भरला होता. नाताळची सुट्टी, लोणावळ्याला पाय ठेवायला जागा नाही. अकरा वाजता दोन चार्जरांपैकी एकाचा पडदा काळा झाला, तो काळाच राहिला. मोबाइलवर मात्र तो 'रिकामा आहे' असंच दिसत होतं, त्यामुळे लोक येतच राहिले. बारा वाजेपर्यंत सात गाड्या. आणि चमत्कार म्हणजे सगळे खाली उतरले होते. भांडायला.

"मी बुक केलंय! हे बघा, सव्वाबारा!"

"अहो, मी साडेअकरापासून उभाय!"

"उभं राहून काय होतं? बुकिंग दाखवा!"

"मशीन बंद आहे तर बुकिंग काय चाटायचंय?"

एकाने गाडी आडवी घातली. आतून गॅसच्या गाड्यांना बाहेर पडता येईना, तेही हॉर्न वाजवायला लागले. सीतारामभाऊंची टॅक्सी त्यातच अडकली. आणि नेमके याच वेळी आदिनाथशेठ सहकुटुंब शिरगावच्या साईबाबांचं दर्शन घेऊन परतले. त्यांची स्वतःची नवी गाडीही इलेक्ट्रिक. संध्याकाळी पनवेलला भाचीचा साखरपुडा, आणि आदल्या रात्री घरी गाडी चार्जिंगला लावायची राहून गेलेली. नऊ टक्के शिल्लक. लोकांना कळलं की हे पंपाचे मालक. सातही जण त्यांच्याकडे वळले.

सीतारामभाऊ टॅक्सीतूनच ओरडले, "शेठ, मावशींच्या ताटल्या काढा की! त्याशिवाय मी काय बाहेर पडत नाही!"

आदिनाथशेठनी टपरीकडे पाहिलं. झुंबरबाई कमरेवर हात ठेवून हे सगळं बघत होत्या, मागे सुट्टीच्या गर्दीला मदतीला आलेली कोमल. 

"मावशी..."

"मला उद्या उटायचं हाय न्हवं? बांधून ठिवल्यात ताटल्या."

"मावशी, बघताय ना तुम्ही."

"बगतीया. घरात मोटारी चाळीस-चाळीस लाखाच्या, अन् रांगेत हुबं ऱ्हायची अक्कल न्हाई एकाला बी!" त्यांना जागेचा राग होताच, पण त्याहून जास्त सहन होत नव्हती ती आडवी गाडी. त्यांनी विळीवर सुतळी कापली. "कोमल, कांदा चीर! ओ निळा शर्ट! हां, तुमीच. आडवी कशाला घातली? काय शेतात नांगर घातलाय का? सरळ करा. साडेअकराला कोन आलंय? तुमी? ही घ्या एक नंबर. तुमी दोन. बाई, मोबाइल खाली ठिवा, त्यो तुमाला नंबर देत न्हाई, मी देतीया. तीन."

"मला भजी नको, मी तेलकट खात नाही."

"मग चहा. चहावर बी ताटली हाय."

दहा मिनिटांत रांग लागली, गॅसच्या गाड्या सुटल्या, सीतारामभाऊ हात हलवून गेले. सातजण ताटल्या मांडीवर घेऊन निळ्या बाकड्यांवर बसले. शेठ हळूच पुढे आले.

"मावशी, माझी गाडी जरा पुढे घेऊ का? पनवेलला जायचंय. पंप माझाच आहे म्हणा."

"व्हय की. पंप तुमचा," म्हणत त्यांनी ताटलीत भजी घातली आणि शेठच्या हातात दिली. "अन् नंबर आठ."

आदिनाथशेठ सपत्नीक बाकड्यावर बसले. घरचे साखरपुड्यासाठी दर पाच मिनिटांनी फोन करत होते. एकच मशीन, पुढे सात गाड्या. तेवढ्या वेळात त्यांनी तीन चहा घेतले आणि फाटकाशी बसल्यावर काय काय दिसतं ते बघितलं. आत येणारी गाडी सगळ्यात आधी बाईंना दिसते. घुसणारा तिथेच अडतो. मागच्या कोपऱ्यातून यातलं काहीही दिसलं नसतं.

साडेचार वाजता सातव्या गाडीची केबल निघायला आली तेव्हा शेठ उठले. "मावशी, कॉफीवाल्यांना मी मागची जागा देतो. तुम्ही इथेच राहा."

"लिव्हून द्या."

"अहो, मी शब्द देतोय."

"शब्द! मंगळवारी मशीन नीट व्हईल. बुधवारी एक बी ताटली लागनार न्हाई, मला काय कळत न्हाई व्हय? बेस्तरवारी तुमी पुन्यांदा याल, मावशी सरका म्हनाल. आबांनी बोट दाखवलं हुतं. त्ये बोट आता म्या कुटनं आनू? लिव्हा."

"साखरपुडा आहे मावशी, उशीर होतोय."

"मग लवकर लिव्हा. न्हाईतर नऊ नंबरला बोलावते."

शेठनी पंपाच्या पावतीपुस्तकाच्या मागे लिहिलं, सही केली, शिक्का मागवला. कोमलने ते दोनदा मोठ्याने वाचून दाखवलं. 'फाटकाजवळची' हा शब्द राहिला होता, तो घालायला लावला. मग झुंबरबाईंनी कागद चोळीत ठेवला आणि आठ नंबरची ताटली परत घेतली.

पाच वाजून गेले. शेठची गाडी निम्मीशिम्मी भरून घाटाकडे पळाली.

"नऊ!" झुंबरबाई ओरडल्या. "नऊ नंबर!"

 नऊ नंबरवाला आपल्या गाडीत जाऊन, एसी लावून, काचा वर करून बसला होता. बाईंनी कढई कोमलच्या हवाली केली, तरातरा गेल्या आणि काचेवर झारा वाजवला.

"उतरा!"

काच दोन बोटं खाली आली. "अहो, गाडी मी पुढे घेतो ना. उतरायचं कशाला?"

"कशाला? ताटली कोन आनून देनार? मी? उतरा!"