बिल्डिंगची सेन्सॉर

आमची ही पिक्चर बघायला बसताना आधी पदर खोचायची. चार बादल्या कपडे धुवायचे असल्यासारखी. लोक टीव्हीसमोर पाय पसरतात, सैल होतात. हिची पाठ ताठ, चष्मा पुसलेला, रिमोट उजव्या हातात. पिक्चर चालू असताना शेंगदाणासुद्धा तोंडात टाकायची नाही. म्हणायची, "खाल्लं की लक्ष तिकडे जातं." दुपारी दीडला बसायची ती चारला उठायची. मध्ये बेल वाजली तर दार मी उघडायचं, आणि मी झोपलेलो असलो तर माणसाने बाहेर उभं राहायचं.

ती जाऊन आता पाच महिने झाले. मी शिकलेला माणूस नाही. सातवीला शाळा सुटली, पुढे सगळा जन्म इथे भाईंदरला स्टीलच्या भांड्यांना पॉलिश मारण्यात गेला. लिहिताना चुकेल. पण तिच्याबद्दल दुसरं कोण लिहिणार?

भाईंदरच्या इंद्रलोक वस्तीतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये तिला सेन्सॉर म्हणायचे. आमच्याकडची घरं लहान. हॉल एक, टीव्ही एक, आणि समोरच्या दिवाणावर सासू, सासरा, सून, पोरं सगळी एका ओळीत. टीव्हीला इंटरनेट लागल्यापासून नवे पिक्चर घरात यायला लागले, पण कधी कुठला सीन येईल सांगता येत नाही. मग सून पाणी प्यायला उठते आणि सासरा सकाळी वाचून झालेला पेपर परत तोंडासमोर धरतो. ही लाज वाचवायला बायका आधी हिला विचारायच्या. केबिन रोडला भाजी घेताना विचारायच्या, लिफ्टमध्ये विचारायच्या. तिचे तीन शिक्के ठरलेले होते. सासऱ्यासमोर चालेल. पोळ्या लाटताना चालेल. दार लावून बघ. पोळ्या लाटताना चालेल याचा अर्थ, नुसतं ऐकलं तरी पुरे, बघण्यासारखं काही नाही.

मतं तिची स्वतःची असायची. कोणाचं ऐकून बोलायची नाही. सगळे एका पिक्चरचं कौतुक करत होते, तर ही म्हणाली, "तीन तास झाले, त्या एवढ्या मोठ्या घरात कोणी केर काढला नाही. मग ती बाई दिवसभर करते काय? म्हणून रडत बसते." दक्षिणेकडचे मारामारीचे पिक्चर तिला आवडायचे, पण त्यातही हिशेब बरोबर लागायचा. "मारतो चांगला. पण त्याची आई कुठे गेली? अर्ध्यापर्यंत होती. पुढे जेवली का मेली, काही पत्ता नाही." रडण्याचेही तिने दोन प्रकार केले होते. एक कमावलेलं आणि एक फुकटचं. लहान पोर आजारी पाडलं आणि पावसात उभं केलं, की ते फुकटचं. ती त्यालाही रडायची. डोळे पुसत पुसत म्हणायची, "चोर मेले!"

आणि शेवट कधी सांगायची नाही. मलासुद्धा नाही. मी अर्ध्यात घोरायला लागायचो, मग उठून विचारायचो, "काय गं, वाचला का तो?" ती चहा ठेवायला उठायची. "झोपणाऱ्याला गोष्ट नाही."

एकदा तिचं ऐकलं नाही त्याची गोष्ट सांगतो. तिसऱ्या मजल्यावर जिग्नाबेन राहते, तिच्या सासऱ्यांना सगळे बापूजी म्हणतात. तिने विचारलं, "काकी, वो मां-बाप वाला पिक्चर कैसा है? हमारे बापूजी को फॅमिलीवाला पसंद है." ही म्हणाली, "अच्छा है, पण बापूजी के सामने नको लगाना. दो दिन घर में कोई बात नहीं करेगा." जिग्नाबेनने लावला. पिक्चरमध्ये मुलं म्हाताऱ्याला आश्रमात ठेवतात. झालं. बापूजींनी रात्री ताट सरकवलं आणि कपाटातली आपली पिशवी काढून दाराशी ठेवली. "मुझे भी छोड़ आओ." दुसऱ्या दिवशी जिग्नाबेन रडत खाली आली. ही वर गेली, बापूजींच्या समोर मांडी घालून बसली आणि म्हणाली, "बापूजी, पिक्चर लिखनेवाले को आपके घर का पता मालूम है क्या? नहीं ना? फिर वो आपका क्यों लिखेगा? उठो, थेपला खाओ. मेरे को भी दो." दोघांनी खाल्लं. पिशवी कपाटात गेली. तिच्या हिंदीला मी हसायचो, पण त्या हिंदीने जे काम केलं ते माझ्याकडून मराठीतही झालं नसतं.

आमची मुलगी वैशाली नाशिकला असते. तिने आणि जावयाने तिकडे नवीन घर घेतलं. हिला ते घर बघायचं होतं. नुसतं बघायचं नाही, महिनाभर राहायचं होतं. "पोरीच्या संसारात एकदा स्वतःच्या हाताने डबे लावून द्यायचेत," म्हणायची. बॅगसुद्धा काढून ठेवली होती. तेवढ्यात तिचं पोट दुखायला लागलं.

तपासण्या झाल्या. रिपोर्ट आले त्या दिवशी डॉक्टरांनी तिला बाहेर बाकावर बसवलं आणि मला आत घेतलं. कॅन्सर. पसरलेला. म्हणाले, या वयात आता दुखणं कमी ठेवणं एवढंच करता येईल, सहा-आठ महिने धरा. मी बाहेर आलो आणि तिला सांगितलं, "अल्सर आहे. गोळ्यांनी बरा होतो."

का सांगितलं असं? आमच्यात असंच करतात. माझ्या आईला असंच सांगितलं होतं, मोठ्या भावालाही. आजाऱ्याला नाव कळलं की तो खचतो, असं आम्ही धरून चाललेलो. मी गोळ्यांची पाकिटं फाडून फेकायचो आणि गोळ्या एका जुन्या डबीत भरायचो. फाइल शेजाऱ्यांकडे ठेवली. जिग्नाबेनला जाऊन सांगितलं, "बीमारीवाला कोई पिक्चर इसको बोलना मत." सेन्सॉरला सेन्सॉर करायला निघालो होतो, मूर्ख माणूस. वैशालीलाही सांगितलं नाही. ती आईसमोर चेहरा सरळ ठेवू शकली नसती. आणि नाशिकला जायचं नाव निघालं की मी म्हणायचो, "बरी झालीस की जाऊ." तिकडे पोरगी तिला दुसऱ्या डॉक्टरकडे नेईल आणि सगळं बाहेर येईल, ही भीती. पहिले दोन-तीन महिने ती चांगली चालत होती. गाडीत बसून आरामात गेली असती. मी जाऊ दिलं नाही.

पाचव्या महिन्यात एका दुपारी मी डोळे उघडले तर टीव्हीवर इस्पितळ. एक बाई बाकावर बसलेली, नवरा डॉक्टरच्या खोलीत. मी धडपडत उठलो. म्हटलं, "बंद कर, तुझे डोळे दुखतील."

"बसा."

मी बसलो. पडद्यावरचा नवरा खोलीतून बाहेर आला आणि बायकोकडे बघून हसला. हिने रिमोटने चित्र थांबवलं. "बघा, कसा हसतोय. शिकून आलाय तो. तुम्ही याच्यापेक्षा वाईट हसला होतात."

मी तिच्याकडे वळलो. म्हटलं, "कधी कळलं तुला?"

"त्याच दिवशी. बाहेर येऊन तुम्ही मला कोपऱ्यावरच्या हॉटेलात नेलंत. चहा आणि मस्का पाव. अहो, शेहेचाळीस वर्षांत घरी चहा असताना बाहेर कधी पाजलात? मी तेव्हाच म्हटलं, आपलं काही खरं नाही."

"मग बोलली का नाहीस?"

"एवढी मेहनत करत होतात. गोळ्या काय सोलता, फाइल काय लपवता. मध्येच कसं उठायचं?" ती हसली. मग हसायची थांबली. "पण एक वाईट केलंत. मला वाटलं, आज नेतील, उद्या नेतील नाशिकला. तुम्ही न्यायला तयार नाही, आणि का नाही ते मला बोलता येत नाही. आता मला जिना उतरवत नाही."

लिफ्ट आहे आमच्याकडे. पण तिला काय म्हणायचं होतं ते मला कळलं. मी तिच्यासमोरच वैशालीला फोन लावला आणि एका दमात सगळं सांगितलं. मग वैशाली म्हणाली, "बाबा, पाच महिने?" बस, एवढंच. ती संध्याकाळी निघाली आणि रात्री दारात.

डॉक्टर प्रवासाला नाही म्हणाले. दोघी मायलेकी एका पलंगावर झोपायच्या. आठवड्याभराने वैशालीने डोकं लढवलं. दुपारी दीड वाजता आईला उशांना टेकवून बसवलं, जावयाला नाशिकला व्हिडिओ कॉल लावला आणि तो आमच्या टीव्हीवर दाखवला. जावई घरभर फिरून दाखवायला लागला. तेवढ्या दुखण्यात हिने चष्मा मागितला, पुसला आणि पदर खोचायला हात नेला. साडी नव्हती अंगावर, गाऊन होता.

"हळू चाला हो जावईबापू, हिरो असल्यासारखे पळू नका," ही म्हणाली. "ओट्याला खिडकी आहे. हे चांगलं केलंत. मसाल्याचा डबा गॅसच्या इतका जवळ नको. वैशू, पडदे फार गडद घेतलेस गं, दिवसा लाइट लावावी लागेल. बाथरूमची कडी बघू. हं. घट्ट आहे." जावई हॉलमध्ये आला आणि त्याने फोन झटकन वळवला. हिच्या नजरेतून सुटलं नाही. "तिकडे कोपऱ्यात काय होतं?"

"काही नाही आई, पसारा आहे," जावई म्हणाला.

"पसाऱ्याला कोण लाजतं?" पण तिने पुढे विचारलं नाही. वीस मिनिटांनी फोन बंद झाला. वैशालीने विचारलं, "आई, कसं वाटलं?" ही म्हणाली, "घर छान आहे. दारात उभं राहून आत बघितल्यासारखं झालं." चष्मा काढून तिने माझ्या हातात दिला.

पुढे नऊ दिवसांनी ती गेली. वैशाली जवळ होती, हात हातात होता. तेवढं तरी झालं, असं लोक म्हणतात. तेवढंच झालं, असं मी म्हणतो. वैशालीने मला एका शब्दानेही दोष दिला नाही. एकदा मीच म्हटलं, "शिव्या तरी घाल." ती म्हणाली, "आईने शपथ घातलीये. म्हणाली, ते पाच महिने त्यांनी एकट्याने काढले, त्यांना काही बोलायचं नाही." अशी बाई. स्वतः मरायला टेकलेली असताना माझ्या बाजूने पोरीशी बोलून गेली.

गेल्या महिन्यात मी पहिल्यांदा नाशिकला गेलो. घर फोनवर दिसलं तसंच. ओट्याची खिडकी, गडद पडदे. हॉलच्या कोपऱ्यात टीव्हीसमोर एक खुर्ची होती. उंच पाठीची, ताठ, हाताला रुंद लाकूड. तिच्यावरचं प्लॅस्टिक अजून काढलेलं नव्हतं.

मी विचारलं, "ही कोणाची?"

"आईची. ती येणार म्हणून घर घेतलं तेव्हाच आणली होती."

"मग त्या दिवशी दाखवली का नाहीस?"

"कशी दाखवू बाबा?"

जावई म्हणाला, "बाबा, बसा ना तुम्ही, प्लॅस्टिक काढतो." मी म्हटलं, "नको. राहू दे." आणि खाली फरशीवर बसलो.