मागे ठेवलेला फोटो

फ्रेमवाल्या काकूंचा कुणावर चटकन विश्वास बसत नाही. काच धड आहे असं गिऱ्हाइकाने सांगितलं, तरी त्या कडेने बोट फिरवून बघतात. नवरा गेला तेव्हा दीर म्हणाला होता, "वहिनी, सध्या दुकान तुम्हीच बघा. मग तुमच्या नावावर करून देतो." त्या 'सध्या'ला अकरा वर्षं झाली. दीर अधूनमधून येतो आणि उगाच भिंती मोजतो.

अमुक देशात बाई निवडून आली, तमुक देशात आली, अशा बातम्या रेडिओवर लागत. काकू विचारत, "आणि उतरवली कधी?"

यंदा आपल्याच राज्याला पहिली बाई मुख्यमंत्री मिळाली. सकाळी सरकारी कचेरीतला हेडक्लार्क सतरा जुन्या फ्रेमा घेऊन आला.

"काकू, आता तुमचं राज्य!"

"काम बोला."

"बाईंचा फोटो पुढे लावा. जुने साहेब आतच राहू देत, मागे. पुठ्ठा वाचेल. आणि खिळे नकोत, टाचण्या वाकवा नुसत्या."

आजवर चार मुख्यमंत्री काकूंच्या हातून भिंतीवर गेले होते. दरवेळी जुना फोटो बाहेर, नवा पुठ्ठा, चार खिळे. पुठ्ठ्याचा कळवळा कचेरीला कधी आला नव्हता.

"बाई पाच वर्षांसाठी आल्यात ना?"

"आल्यात हो. पण तुम्हाला कळतंय ना..." तो हसला. काकू हसल्या नाहीत.

दुपारी दीर कागद घेऊन आला. "सही करा, वहिनी. दुकान तुम्ही बघताय, एवढंच लिहिलंय."

"अकरा वर्षं बघतेय. आजच लिहायचं काय निघालं?"

"विश्वास नाही वाटतं माझ्यावर?"

"आहे की. म्हणून तर वाचतेय."

शेवटची ओळ बारीक होती : मागताच दुकान रिकामं करून देईन.

काकूंनी कागद बाजूला ठेवला. सकाळपासून वाकवलेल्या टाचण्या पकडीने उपटल्या, मागच्या जुन्या साहेबांना बाहेर काढलं आणि नवे पुठ्ठे कापायला घेतले.

"अहो, टाचण्याच सांगितल्यात ना हेडक्लार्कने? मी ऐकलंय."

"त्याने तुम्हाला कधी सांगितलं?"

दीर भिंत मोजू लागला. सतराव्या फ्रेमेला पुठ्ठा पुरला नाही. काकूंनी दिराचा कागद चौघडी करून बाईंच्या पाठीशी सरकवला आणि चार खिळे ठोकले.

"वहिनी! माझा कागद!"

"नावावर करायचा कागद आणा, भावजी. त्यावर लगेच सही करते."

मग फ्रेम उलटी धरून त्यांनी एकेक खिळा हलवून बघितला.