राजव्वाचा मुग्गु

राजव्वाची आणि माझी ओळख झाली ती मी तिला घाबरले म्हणून.

लग्न होऊन मी आदिलाबादजवळच्या बेल्याहून तेलुगू मुलखात, मंचेरियलला आले तेव्हा थंडी होती. आमच्या ह्यांना कोळशाच्या खाणीत नोकरी होती आणि कॉलनीत दोन खोल्यांचं क्वार्टर मिळालं होतं. मला येऊन चारसहा दिवस झाले असतील. एक दिवस सकाळी नळावर जायला दार उघडलं, तर अंगणभर रांगोळी. आमच्याकडे रांगोळी असते ती वीतभर, तुळशीपाशी. ही उंबऱ्यापासून रस्त्यापर्यंत होती. निळा, गुलाबी, पिवळा रंग, वेलीसारखी कसलीशी अक्षरं, आणि मधोमध शेणाचा गोळा. त्या गोळ्यावर हळदकुंकू, वर भोपळ्याचं पिवळं फूल.

ते मी काढलेलं नव्हतं आणि घरात दुसरी बाई नव्हती. कुणीतरी करणी केली असंच मला वाटलं. ओलांडायची हिंमत होईना. घागर घेऊन मी उंबऱ्यातच उभी राहिले. हे रात्रपाळी करून आले तेव्हाही मी तिथंच.

"काऊन उभी हायस दारात?" त्यांनी विचारलं.

मी बोटानं दाखवलं. हे आधी हसले, मग शेजारच्या दाराकडे पाहून म्हणाले, "राजव्वा, माह्या बायकोले भेव लावलं तुमी."

शेजारच्या ओट्यावर एक उंच, काळी बाई मांडीत सूप घेऊन विड्या वळत बसली होती. नाकात दोन्हीकडे चमक्या, पायात चांदीची जाड कडी. ती मघापासून मला पाहत होती, हे मला तेव्हा कळलं.

"मेरा मुग्गु अच्छा नै क्या?" ती म्हणाली. "सुब्बे से देख रई मैं. सब लोगां आते, जाते. ये नवी पोरगी पाय नै रखती."

मुग्गु म्हणजे रांगोळी, हा मी शिकलेला पहिला तेलुगू शब्द. त्या दिवशी एक जानेवारी होती हेही मला नंतर कळलं. आमच्या गावात साल बदलायचं ते पाडव्याला. कॉलनीत ते जानेवारीत बदलायचं आणि परत उगादीला, म्हणजे त्यांच्या पाडव्याला, बदलायचं. मी राजव्वाला एकदा विचारलं, खरं कोणतं? ती म्हणाली, "जनवरी का साल साब लोगां का. उगादी का देव का. शाळेचं साल पोरांचं. अपन सब कू चाय पिलाना."

तिचं बोलणं असंच होतं. तेलुगू तिची, हिंदी बाजारातली, आणि मराठी आमच्या घरातून उचललेली. मी चौथीपर्यंत मराठी शाळेत शिकले, तेलुगूचं एक अक्षर मला वाचता येत नव्हतं, आणि बोलायची तर मला मराठीतही लाज वाटायची. दुकानात गेले तरी मी वस्तूकडे बोट दाखवायची. राजव्वाला त्याचं काही वाटलं नाही. तिला मी अक्का म्हणायची, कारण अक्का तिच्याकडेही अक्काच. ती मला चेल्ले म्हणायची, म्हणजे धाकटी बहीण. तिच्याशिवाय त्या कॉलनीत मला कुणी नव्हतं, आणि मी दुसरं कुणी शोधलंही नाही.

दर एक जानेवारीला ती पहाटे उठून आधी माझ्या दारात मुग्गु काढायची, मग स्वतःच्या. मी म्हणायची, अक्का, आम्ही घरी नसणार, कशाला? नाताळच्या सुट्टीत आम्ही बहुतेक बेल्याला माझ्या माहेरी जायचो. बाबांचा वांग्यामिरचीचा मळा होता, हरभरा तेव्हा खायला आलेला असायचा. कुलूप लावलेल्या दारातही ती मुग्गु काढायची. "साल कू पढना नै आता, चेल्ले," ती म्हणायची. "नंबर नै पढता. रंग नै डाले तो तेरा दरवाजा कैसा मालूम पडना उसकू?"

लिहिता-वाचता तिला काही येत नव्हतं; आधी ती दुकानातल्या कॅलेंडरावर पाहून अक्षरं काढायची. माझी मुलगी मंदा सिस्टरांच्या शाळेत जाऊ लागली तेव्हा तिच्या ग्रीटिंगवर पाहून राजव्वा 'हॅप्पी न्यू इयर' काढायची. तिच्यासाठी ती अक्षरं नव्हती, नक्षी होती. एखादं अक्षर जागेत बसलं नाही तर ती ते सोडून द्यायची आणि तिथं फूल काढायची. मंदा म्हणायची, अव्वा, चुकलं. ती म्हणायची, "साल पढता नै बेटा, देखता."

मंदा तिसरीत होती त्या वर्षी ह्यांना रजा मिळाली नाही, आणि नाताळची सुट्टी आम्ही घरीच काढायची ठरली. मला वाईट वाटलं. बाबांना थंडीत खोकला व्हायचा, त्यांना पाहायचं होतं. पण राजव्वा खूश झाली. "अच्छा हुआ. इस साल तू डालती मुग्गु. मैं बाजू में बैठती." मग आमची आठवडाभर तयारी चालली. दोघींनी घरं सारवली, भिंतीला चुना लावला. बाजारातून रंग आणले, रांगोळीवाल्याकडून पांढरी भुकटी घेतली. एक जानेवारीला खाणीतली माणसं साहेबाला भेटायला जातात, मान म्हणून हातात लिंबू घेऊन. आमच्या ह्यांच्यासाठी चांगलं पिवळं लिंबू तिनं स्वतः निवडलं. ती मला ओट्यावर कोळशानं मोर काढायला शिकवायची. माझा मोर जमेना. एकदा तिनंच काढलेल्या मोराला मंदा कोंबडी म्हणाली आणि मला हसू आलं. राजव्वा हसली नाही. तिनं मोर पायानं पुसला आणि विड्या वळायला बसली. तेवढंच.

एकतीस तारखेला ह्यांना लागोपाठ दोन पाळ्या होत्या. लिंबू मी त्यांच्या खिशात घालून दिलं, कारण ते वर आले की तसेच साहेबाकडे जाणार होते. संध्याकाळी दिवा लावला आणि मी राजव्वाची वाट पाहत बसले. दोघींनी मिळून आधी सडा घालायचा, ठिपके मांडून ठेवायचे, असं ठरलं होतं.

ती आली, पण रंगांची पिशवी तिच्या हातात नव्हती. चिंचेच्या भाताचं भांडं होतं. माझ्याकडे न पाहता ती चुलीपाशी बसली.

मी म्हटलं, "अक्का, सडा घालू ना?"

"वद्दु," ती म्हणाली. वद्दु म्हणजे नको.

"काऊन?"

"आज नक्को. पैले खा लेव."

मला भूक नव्हती. तिनं ताट वाढलं आणि समोर बसून राहिली. मी हात थांबवला की म्हणायची, खा. मंदानं रंग मागितले तर तिनं तिला मांडीवर घेऊन तिच्या वेण्या घातल्या, न मागता. माझ्या धाकट्या मुलाला झोपवलं. माझ्या घरातला मुग्गूच्या भुकटीचा आणि रंगांचा डबा तिनं उचलला आणि फळीवर, माझा हात पोचणार नाही इतक्या वर ठेवला. मग पदर खांद्यावर घेऊन निघाली. दारात थांबली. काही बोलेल असं वाटलं. "सो जा, चेल्ले," एवढंच म्हणाली.

मला काही समजेना. आठवडाभर चुना, रंग, मोर, आणि आज नक्को. माझं काय चुकलं, मी आठवू लागले. तिची चाळणी मी परत केली तेव्हा नीट पुसली होती का? की ती कोंबडी? मोराला कोंबडी म्हटलं म्हणून कुणी इतकं रागावतं का? पण रागावलेली बाई भात आणून भरवते का? विचारायला हवं होतं. पण मी अशी, की विचारायचं ठरवेपर्यंत माणूस निघून जातो.

पहाटे गल्लीत खराटे वाजू लागले तेव्हा मला वाटलं, तिनं काढला असेल. मी दार उघडलं. समोरच्या ओळीत सगळीकडे रंग होते. कुणाच्या दारात कमळ, कुणाच्या दिवे. माझं अंगण कोरं होतं. सडासुद्धा नव्हता.

इतक्या वर्षांत असं झालं नव्हतं. कुलूप असतानाही झालं नव्हतं. माझे डोळे भरून आले, आणि मग मला राग आला, जो मला सहसा येत नाही. मी स्टुलावर चढून डबा काढला. सडा घातला, ठिपके मांडले आणि मोर काढायला बसले. वाकडा झाला, तरी मी रंग भरले. मंदा उठून आली, तिनं अक्षरं लिहिली. गल्लीतल्या बायका येताजाता थांबून पाहू लागल्या, तेव्हा माझे कान तापले, पण मी उठले नाही.

राजव्वा तांब्या घेऊन बाहेर आली. तिनं मोराकडे पाहिलं. मला वाटलं, आता म्हणेल, कोंबडी. ती आली, तांब्यातलं पाणी मोरावर ओतलं आणि खाली बसून दोन्ही हातांनी सगळं पुसू लागली. अक्षरं पुसली, पिसारा पुसला. पाणी संपलं तेव्हा पदरानं पुसलं. निळा, गुलाबी, हिरवा चिखल झाला. सगळी गल्ली पाहत होती.

"माझं काय चुकलं, अक्का?" मी कसंबसं विचारलं.

तिनं मान हलवली, नाही म्हणून. रंगलेले हात तसेच घेऊन माझ्या उंबऱ्यावर बसली आणि गल्लीच्या तोंडाकडे पाहत राहिली. मी तिच्याकडे पाहत होते, माझ्या पुसलेल्या अंगणाकडे पाहत होते, आणि मला वाटत होतं, हिला वेड लागलं, नाहीतर मला.

मग कोपऱ्यावरून आमचे हे आले. बरोबर राजव्वाचा नवरा मल्लय्या होता. हे साहेबाकडे गेले नव्हते. लिंबू खिशात तसंच दिसत होतं.

"बेल्याहून फोन आला होता," हे म्हणाले. "काल संध्याकाळी. तुये बाबा गेले."

फोन खाणीच्या कचेरीत आला होता. हे खाली होते, म्हणून निरोप मल्लय्याला मिळाला. त्यानं घरी येऊन राजव्वाला सांगितलं, आणि दोघांनी ठरवलं की हे वर येईपर्यंत मला सांगायचं नाही. सुतकाच्या दारात मुग्गु काढत नाहीत. त्यांच्याकडे नाही आणि आमच्याकडेही रांगोळी काढत नाहीत. कोरं दार पाहून मला कळायला हवं होतं. पण ज्याच्या घरचं जातं त्याला ते सुचत नाही. मला कोंबडी सुचली.

आम्ही पहिल्या बसनं निघालो. धाकट्याला बरोबर घेतलं, मंदाला राजव्वानं ठेवून घेतलं. भावानं माझ्यासाठी बाबांना ठेवलं होतं, तोंड पाहायला मिळालं.

दिवस करून आम्ही परत आलो तेव्हा संक्रांत होऊन गेली होती. मंदा मला म्हणाली, "आई, त्या दिवशी अव्वाच्या दारात पण मुग्गु नव्हता." मी ते पाहिलंच नव्हतं. आपल्या दाराच्या रागात मी शेजारचं दार पाहिलं नव्हतं. वर्षभर एक जानेवारीची वाट पाहणाऱ्या त्या बाईनं स्वतःचं अंगणही कोरं ठेवलं होतं.

मी तिला विचारलं, आयुष्यात एकदाच विचारलं, "अक्का, मला सांगितलं का नाहीस?"

ती विड्या वळत होती. हात थांबवले नाहीत. "रात कू नै बोलना, चेल्ले. मेरा भाई खाण में मर गया, मेरेकू रात कू बोले थे. वो रात अब्बी तक खतम नै हुई." मग विडीला दोरा बांधत म्हणाली, "तेरेकू एक रात की नींद दी मैं. और क्या था मेरे पास."

माझे बाबा तिकडे ओसरीवर झाकून ठेवले होते आणि मी इकडे चिंचेचा भात पोटभर खाऊन झोपले, हे आठवलं की मला तिचा राग येतो. आणि ती समोर बसून खा, खा म्हणत होती ते आठवलं की तिचे पाय धरावेसे वाटतात. दोन्ही एकदमच होतं. संध्याकाळी आदिलाबादची एखादी बस होती की नव्हती, हे मी कधी कुणाला विचारलं नाही.

पुढे काही दिवसांनी एका पहाटे माझ्या दारात चार ठिपक्यांचा पांढरा मुग्गु होता. वीतभर. रंग नाही, अक्षरं नाहीत. आता चालेल, एवढंच ती सांगत होती.

मल्लय्या रिटायर झाला आणि ती दोघं गोदावरीकाठी त्यांच्या गावी गेली. जाताना तिनं रंगांची पिशवी मला दिली. "मोर सीख ले," म्हणाली. मी शिकले. पुढे आम्हीही कॉलनी सोडून जवळच घर बांधलं, आणि दर एक जानेवारीला मी अंगणभर काढायची. वेलीसारखी अक्षरंसुद्धा.

गेल्या एकतीस तारखेला दुपारी तिच्या मुलाचा फोन आला. राजव्वा सकाळी गेली होती. संध्याकाळी माझी सून रंगांची पाकिटं फोडून बसली होती. मी म्हटलं, "नको." ती यवतमाळकडची आहे, तिनं राजव्वाला पाहिलेलं नाही.

"काऊन, आई? आपल्या घरचं कोणी गेलं का?"

घरचं म्हणावं तर जात वेगळी, भाषा वेगळी. नाही म्हणावं तर तोंडातून निघेना. सून माझ्याकडे पाहत राहिली आणि मग पाकिटं गोळा करून आत घेऊन गेली.

सकाळी मी दार उघडलं. गल्लीभर रंग होते, आमचं अंगण कोरं होतं. पाय ठेवायला हवी तेवढी जागा होती. तरी मी उंबऱ्यातच उभी राहिले.